एका आग विझविणाऱ्या स्वयंसेवकाचे पुण्यस्मरण

(आपल्या चर्चच्या ज्युबिली महोत्सवात, दिवंगत धर्मग्रामस्थांच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाच्या दिवंगत सेवकांचे स्मरण करण्यासाठी आपण जमलो आहोत. ज्यांनी या देवळाचा पाया घातला, ज्यांनी घंटा आणविली, ज्यांनी शाळेसाठी जमीन दिली, त्यांच्याविषयी अधिकारी वक्ते बोलले आहेत. मजकडे आलेले काम त्या मानाने लहान आहे. माझ्या वडिलांनी पाया घातला नाही, आणि जमीन देण्याइतकी ती त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी सुमारे तीस वर्षे या गावातल्या आगी विझविल्या व त्याबद्दल कोणाकडून एक पैही घेतली नाही. व्हिकार फादरांनी मला त्यांच्याविषयी बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नकार दिला. मुलाने बापाची स्तुती करावी हे शोभत नाही, असे मी म्हणालो. फादर म्हणाले, "स्तुती करू नका, घडले ते सांगा." तेवढेच मी करणार आहे. आणि घडले ते सांगावयाचे, तर माझ्या मनात त्यांच्याविषयी कित्येक वर्षे जो राग होता तोही सांगितला पाहिजे.

आमचे बाबा सुतार होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मुंबईस माझगावच्या बाजूला एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात काम करीत, आणि आम्ही सर्व जण तेथेच एका चाळीच्या दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही चार भावंडे, मी थोरला. हवाई हल्ल्याच्या भीतीने सरकारने त्या वेळी नागरिकांचे संरक्षण-दल उभारले होते. लोक त्यास ए. आर. पी. म्हणत. त्यात आग विझविण्याचे शिक्षण घेतलेले स्वयंसेवकही असत, आणि बाबांनी त्यात नाव नोंदविले होते. दिवसभर रंधा ओढून आलेला माणूस संध्याकाळी लोखंडी टोप घालून कवायतीस जाई. वाळूच्या बादल्या कशा भरून ठेवाव्यात, धुराने भरलेल्या खोलीत जमिनीलगत सरपटत का जावे, पायाने दाबून धरावयाचा तो छोटा हातपंप कसा चालवावा, हे सारे ते शिकून येत आणि रात्री जेवताना आम्हांस सांगत. आई ऐकून घेई. तिला ते फारसे रुचत नसे. "चार लेकरांच्या बापाने हे कशाला?" एवढेच ती म्हणे.

ते एक गोष्ट प्रत्येक रात्री करीत. तेर्स संपला, आम्ही ओळीने निजलो, की दिवा मालविण्यापूर्वी ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवीत आणि हलक्या आवाजात मोजीत : एक, दोन, तीन, चार. मला ती त्यांची प्रार्थनाच वाटे. पुढे मला कळले की शिक्षणात त्यांना पहिला प्रश्न हाच शिकविला होता. जळत्या घरापाशी पोचल्यावर पाण्याची चौकशी करण्याआधी विचारावयाचे, "घरात माणसे किती?" उत्तर देणारा माणूस भेदरलेला असतो, म्हणून त्याला एकेकाचे नाव घ्यावयास लावावे. ज्याला आपल्या घरातली माणसे मोजण्याची सवय आहे त्यालाच दुसऱ्याच्या घरातली मोजता येतात, असे ते म्हणत.

१९४४ साली पास्काचा सण ९ एप्रिलला आला होता. त्या काळी नव्या अग्नीचा आशीर्वाद पुण्यशनिवारी सकाळीच होत असे. रात्रीचा विधी १९५१ नंतर पुन्हा सुरू झाला. बाबांनी आम्हांस पहाटे देवळात नेले होते. चकमकीतून पेटविलेला तो लहानसा जाळ पाहून मी विचारले होते की, आगीला आशीर्वाद कशाला? ते म्हणाले, "आग देवाचीच आहे, पण तिला धनी लागतो." या बोलण्यास सहा दिवस होतात न होतात तोच, पास्काच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, १४ एप्रिलला, धनी नसलेली आग आम्ही पाहिली.

त्या दिवसाची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. फोर्ट स्टिकीन नावाचे जहाज दोन दिवसांपूर्वी व्हिक्टोरिया गोदीस लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती, आणि वाटेत कराचीस त्यावर कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या चढविल्या होत्या. शिवाय तेल, लाकूड, गंधक असा नाना प्रकारचा माल होता. दारूगोळा आणि कापूस एका जहाजात ठेवणे हे चुलीशेजारी रॉकेलचा डबा ठेवण्यासारखेच. पण युद्धाच्या घाईत ते घडले. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाल्यांनी जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले, तरी आग कापसाच्या आत दबून राहिली व ते पाणीच उकळू लागले. जहाज सोडून जाण्याचा हुकूम सुटला, परंतु आगीशी झुंजणारे पुष्कळ जण अद्याप गोदीतच होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्यांचा हादरा दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला.

आमच्या चाळीच्या काचा फुटून अंथरुणावर पडल्या. जपान्यांनी हल्ला केला असे ओरडत लोक जिन्यावरून धावू लागले. आकाशातून जळता कापूस पडत होता, आणि जेथे पडेल तेथे नवी आग लागत होती. बाबा कारखान्यातून धावत घरी आले. त्यांनी आमच्या डोक्यांवर हात ठेवून आम्हांस मोजले, टोप घेतला, आणि निघाले. आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आज नको." ते क्षणभर थांबले. मग तिच्या अंगावरून वळसा घालून जिना उतरले. तो पाठमोरा माणूस मला आजही दिसतो. मी आठ वर्षांचा होतो, आणि त्या क्षणी मला एवढेच समजले की बाबांनी आम्हांस टाकले.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. युद्धकाळातील नियंत्रणामुळे वर्तमानपत्रांत खरी बातमी नव्हती; अफवा मात्र घरोघर होत्या. पास्कानंतरच्या पहिल्या रविवारी आईने आम्हांस मिस्सास नेले. त्या रविवारचे शुभवर्तमान संत थोमाचे असते. जखमांचे व्रण स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या त्या प्रेषिताचे. फादर प्रवचन करीत होते आणि आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. सोमवारी सकाळी बाबा जिना चढून आले. भुवया जळून गेलेल्या, दोन्ही हातांना कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. आईने काही विचारले नाही. तिने त्या पट्ट्या सोडल्या, हात पाहिले, आणि मग ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. बाबांनी आमच्याकडे वळून त्या उघड्या हातांनी एक, दोन, तीन, चार असे मोजले आणि जमिनीवरच झोपी गेले.

गोदीच्या बाजूला त्यांनी तीन रात्री काय पाहिले ते त्यांनी कधी सविस्तर सांगितले नाही. अधिकृत गणनेप्रमाणेच त्या दुर्घटनेत सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जण होते. त्यांपैकी कित्येकांना बाबा कवायतीमुळे ओळखत असत. पुढे कोणी त्या दिवसाची गोष्ट काढली की ती बहुधा सोन्याची असे. त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या, आणि एक वीट उडून एका पारशी गृहस्थांच्या तिसऱ्या मजल्यावरील सज्जात पडली. त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. गोष्ट खरी आहे व सांगण्यासारखीही आहे. पण बाबा ती ऐकून घेत आणि शेवटी एवढेच म्हणत, "सहासष्ट." आज दर वर्षी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ.

त्या सोमवारी संध्याकाळी आईने बाबांना घरातल्या आल्तारासमोर उभे केले आणि क्रूसावर हात ठेवून वचन घेतले की यापुढे दुसऱ्याच्या आगीत जाणार नाही. बाबांनी वचन दिले. पावसाळ्यापूर्वीच आम्ही बिऱ्हाड मोडून येथे, वसईस, आजोबांच्या घरी राहावयास आलो. बाबा विरार लोकलने मुंबईस कामाला जात व रात्री परतत. युद्ध संपल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एक पायपंप विकत आणला. आईने भुवई चढविली, तेव्हा "भाजीला पाणी घालावयास" असे ते म्हणाले. आईने त्यावर विश्वास ठेवला असेल असे मला वाटत नाही.

त्या काळचे आपले गाव आठवा. निम्मी घरे कुडाची, छप्परे झावळ्यांची, प्रत्येक अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी, आणि रात्री उजेड चिमणीचा. मुंबईहून बंब येण्याची आशा नाही; पाणी म्हणजे विहिरीचा रहाट आणि बावखळ. एका उन्हाळ्यात मध्यरात्री आमच्या शेजारच्या घराने पेट घेतला. त्या घराशी आमचा बांधावरच्या दोन माडांवरून तंटा होता, प्रकरण कोर्टात गेले होते, आणि दोन्ही घरची माणसे देवळातून येतानाही एकमेकांकडे पाहत नसत. मी जागा झालो तो आईच्या आवाजाने. ती बाबांना हलवून उठवीत होती. "अहो, उठा. त्यांच्या घराला आग लागली आहे." बाबा उठून बसले, पण जागचे हलले नाहीत. त्यांनी आल्ताराकडे पाहिले. आई म्हणाली, "वचन मला दिले होते ना? मी तुम्हांला सोडते. जा."

बाबा धावले, त्यांच्यामागून आई पंप आणि बादली घेऊन निघाली. अंगणात शेजारी वेड्यासारखे उभे होते. बाबांनी त्यांचे खांदे धरले आणि विचारले, "घरात माणसे किती?" ते म्हणाले, "सगळी बाहेर आहेत." "नावे घ्या." त्यांनी नावे घेतली, आणि पाचव्या नावावर त्यांचा आवाज अडला. त्यांची म्हातारी आई कानाने बधिर होती; ती मागच्या पडवीत निजलेली राहिली होती. बाबांनी गोणपाट बावखळीत बुडवून अंगावर घेतले आणि जमिनीलगत सरपटत आत शिरले. पंप बादलीत उभा करून, बाहेरच्या पट्टीवर पाय रोवून, आईने दांडा हाणावयास सुरुवात केली. मी नळी धरली, आणि बहिणी पाणी आणू लागल्या. बाबा म्हातारीस पाठीवर घेऊन बाहेर आले. घर गेले. माणसे पाचही राहिली.

आता आपणांस वाटेल की माडांचा तंटा त्या रात्री मिटला. तसे झाले नाही. प्रकरण आणखी दोन वर्षे चालले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि आमचा एक माड गेला. बाबा हसून म्हणाले, "कोर्टाने माडाचा हिशेब केला, तो निराळा." मात्र त्या रात्रीपासून गावात कोठेही आग लागली की लोक प्रथम आमच्या दारी येऊ लागले. बाबांनी बांबूची लांब शिडी केली आणि ती देवळाच्या पडवीत टांगून ठेवली. तरुण मुलांना रविवारी मिस्सानंतर बादल्यांची रांग धरावयास शिकविले : भरलेल्या एका बाजूने, रिकाम्या दुसऱ्या बाजूने, आणि कोणीही जागा सोडून धावावयाचे नाही.

प्रत्येक वेळी यश आले असेही नाही. एका घरी ते पोचेपर्यंत उशीर झाला होता आणि एक लहान मूल गेले. ते कोणाचे, हे मी येथे सांगणार नाही. त्यानंतर बाबा दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आमच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्यावर एक मेणबत्ती हाती ठेवून घेत आणि एकटेच स्मशानभूमीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जात. आम्ही त्यांच्यामागे जात नसू.

माझा राग या सगळ्याहून धाकटा होता, पण चिवट होता. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, पांढरा पोशाख घालून मी देवळात बसलो असता मागून कोणी तरी आले, बाबांच्या कानाशी लागले, आणि ते उठून गेले. पेंढ्याच्या उडव्या पेटल्या होत्या. मी ख्रिस्तशरीर स्वीकारून मागे वळलो तेव्हा त्यांची जागा रिकामी होती. ही गोष्ट मी त्यांना वीस वर्षांनी, स्वतः बाप झाल्यावर, भांडणाच्या भरात बोलून दाखविली. "तुम्हांला परक्यांचे पेंढे आमच्याहून प्रिय होते," असे मी म्हणालो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी निघताना मी तुम्हांला मोजले होते. चौघेही देवळात होतात. म्हणून तर मला जाता आले." आईने मात्र त्यांची बाजू घेतली नाही. ती म्हणाली, "पोरगा म्हणतो ते खोटे नाही. वाट पाहणे सोपे नव्हते." बाबांनी दोघांपुढे मान खाली घातली. बंधूंनो, त्यांच्या मोठेपणाचा मला पटलेला पुरावा तो हाच. जो घरच्यांचे ऋण मान्य करतो त्याचीच परोपकारबुद्धी खरी, असे मी त्या दिवसापासून मानतो. त्यांना धन्यवाद देणाऱ्या या सभेने माझ्या आईचे नाव विसरू नये.

मी शिक्षकाचा पेशा केला. बाबा गेल्यावर अशा स्वयंसेवकांविषयी मिळेल ते वाचीत गेलो. त्यातली एक हकीकत ज्युबिलीच्या या दिवशी सांगणे अवश्य आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या सांतियागो शहरात, १८६३ सालच्या ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या संध्याकाळी, दिव्यांनी आणि पडद्यांनी सजविलेल्या भरगच्च देवळास आग लागली. दाटीमुळे दरवाजे अडले. दोन हजारांहून अधिक लोक, त्यांत बहुतेक स्त्रिया, मृत्यू पावले. त्याच महिन्याच्या २० तारखेस त्या शहरातील नागरिकांनी स्वयंसेवकांचे अग्निशामक दल स्थापन केले, आणि आजही त्या देशात आग विझविण्याचे काम वेतन न घेणारे स्वयंसेवकच करतात. ऑस्ट्रेलियात १९९८ सालच्या २ डिसेंबरला लिंटन येथील वणव्यात पाच स्वयंसेवक मरण पावले. त्यांच्या मृत्यूनंतर ४ मे हा जगातील अग्निशामकांचा दिवस ठरला, कारण तो त्यांचा आश्रयदाता संत फ्लोरियन याचा सण आहे. आमच्या बाबांना हे काहीच ठाऊक नव्हते. पण त्यांची शिडी या देवळाच्या पडवीत टांगलेली होती, आणि सणाच्या दिवशी मांडव घालताना दारापुढची वाट मोकळी ठेवावी म्हणून ते प्रत्येक व्हिकारांशी हुज्जत घालीत.

आज झावळ्यांची छप्परे गेली. बावखळी पुष्कळशा बुजल्या. त्यांच्या जागी इमारती आल्या आहेत, घरोघर गॅसची टाकी आणि विजेच्या तारा आहेत. १०१ हा आकडा फिरविला की बंब येतो. परंतु बंब येईपर्यंतची काही मिनिटे शेजाऱ्याचीच असतात, आणि अरुंद गल्लीत उभ्या केलेल्या गाड्यांमुळे ती वाढतात. या ज्युबिलीच्या निमित्ताने आपल्या तरुणांनी अग्निशमनाचे रीतसर शिक्षण घेऊन एक लहानसे पथक उभारावे, अशी मी हात जोडून विनंती करतो. जिन्यात अडगळ ठेवू नये, हेही सांगतो. ते सांगण्यास शिक्षणाची गरज नाही.

आता शेवटचे. बाबा सत्तरी ओलांडून आजारी पडले. फादरांनी अखेरचे संस्कार दिले. रात्री त्यांना भ्रम होऊ लागला. हात अंथरुणाबाहेर काढून ते काही तरी चाचपू लागले. मी जवळ जाऊन माझे डोके त्यांच्या हाताखाली दिले, मग बाकीची भावंडे आली, मग नातवंडे. ते मोजीत होते, पण आकडा जमत नव्हता. ते अस्वस्थ होऊन म्हणाले, "सगळे बाहेर आले का?" आम्हांला काय बोलावे ते सुचेना. आई पायथ्याशी जपमाळ घेऊन बसली होती. ती उठली, त्यांचा तो जुन्या डागांचा हात तिने आपल्या हातात घेतला, आणि म्हणाली, "होय, सगळे बाहेर आले. मी मोजले. आता तुम्ही निजा." ते निजले. पहाटे ते प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या शवपेटीस प्रथम ज्याने खांदा दिला तो आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा होता.

माझ्या वडिलांस, माझ्या आईस, १४ एप्रिल १९४४ च्या त्या सहासष्ट जणांस, आणि ज्या लहानग्यासाठी बाबा मेणबत्ती लावीत त्यास, परमेश्वर अक्षय विश्रांती देवो. आज रात्री घरी गेल्यावर दिवा मालविण्यापूर्वी आपण आपली माणसे एकदा मोजावीत, आणि मग शेजारच्या घरात माणसे किती आहेत हेही आपणांस ठाऊक आहे की नाही ते पाहावे.